सागरकन्या व्हिक्टोरिया ड्रमंड

व्यापार हा देशोदेशींना जोडणारा धागा आहे, असे आपण नेहमी म्हणतो. सुताची गाठ असो, रंगाचा डबा असो, यंत्रमागाचा सुटा भाग असो किंवा धान्याचे पोते असो, शेकडो वर्षे हा माल समुद्रमार्गे एका देशातून दुसऱ्या देशात जात आला आहे. माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव पावतीवर असते. जहाजाच्या कप्तानाचे नावही कागदोपत्री नोंदलेले असते. परंतु जहाजाच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या जागी उभे राहून ज्यांनी ते अवजड धूड अहोरात्र चालते ठेवले, त्या इंजिनिअरांची आठवण क्वचितच कोणी काढतो. घरात दिवा लागला की वातीकडे लक्ष जाते, तेलाकडे जात नाही, तसाच हा प्रकार आहे.

अशाच एका विस्मृतीत गेलेल्या, परंतु अत्यंत तेजस्वी जीवनाचा परिचय येथे करून देण्याचा हेतू आहे. हे जीवन आहे स्कॉटलंडच्या व्हिक्टोरिया ड्रमंड यांचे. ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवर काम करणारी पहिली महिला मरीन इंजिनिअर म्हणून जगाने त्यांची नोंद घेतली. ज्या काळात स्त्रीने इंजिनखोलीची शिडी उतरणे हीच अशक्यप्राय गोष्ट मानली जात होती, त्या काळात त्यांनी 40 वर्षे समुद्रावर काढली. त्यांच्या वाट्याला सन्मान आले, त्याहून कितीतरी अधिक नकार आले. पण त्यांनी आपला मार्ग सोडला नाही.

राजकुलाच्या छायेतील बालपण

व्हिक्टोरिया यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1894 रोजी स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यात, एरॉल गावाजवळील मेगिंच येथील गढीत झाला. ड्रमंड घराणे जुने, खानदानी आणि राजदरबाराशी निकटचा संबंध असलेले होते. वडील कॅप्टन माल्कम ड्रमंड हे राणी व्हिक्टोरियाच्या दरबारी सेवेत होते. आई जेराल्डीन या एका उमरावाच्या कन्या. खुद्द राणी व्हिक्टोरियाने या बालिकेची धर्ममाता होण्याचे मान्य केले आणि तिला राणीचेच नाव ठेवण्यात आले. अशा घरात जन्मलेल्या मुलीचे भवितव्य त्या काळी जन्मतःच ठरलेले असे. गृहशिक्षिकेकडून थोडे शिक्षण, दरबारात रीतसर ओळख, मेजवान्या आणि पुढे बरोबरीच्या घराण्यात विवाह, एवढाच तो मार्ग होता.

परंतु या मुलीचे मन रेशमी पोशाखात आणि मेजवान्यांत रमत नव्हते. तिला हातोडी, करवत, चाके आणि यंत्रे यांची ओढ होती. लाकडी खेळणी आणि छोट्या प्रतिकृती ती स्वतःच्या हाताने बनवीत असे. गावाजवळ एक यांत्रिक कारखाना होता. तेथे जाऊन यंत्रे कशी फिरतात हे पाहण्यात तिला विलक्षण आनंद वाटे. मुलांना लहान वयात अशा अनेक आवडी असतात आणि वयाबरोबर त्या विरून जातात. या मुलीची आवड मात्र वयाबरोबर वाढत गेली.

वयाची 21 वर्षे पूर्ण झाल्यावर पुढे काय करायचे याची निवड वडिलांनी तिच्यावर सोपविली. तिने मरीन इंजिनिअर होण्याची इच्छा सांगितली. दरबारात वावरलेल्या त्या घरात हा निर्णय किती अनपेक्षित ठरला असेल, याची कल्पना सहज करता येते. तथापि वडिलांनी नकार दिला नाही. येथे त्या वडिलांचेही मोठेपण मानले पाहिजे. मुलीच्या पायात बेडी न घालता तिला तिच्या वाटेने जाऊ देणे हे त्या काळातील श्रीमंत घरांना सोपे नव्हते. आजही ते प्रत्येक घराला सोपे जातेच असे नाही.

गॅरेजपासून जहाजांच्या कारखान्यापर्यंत

पहिले महायुद्ध सुरू होते. तरुण पुरुष रणांगणावर गेले होते आणि कारखान्यांत माणसांची टंचाई होती. 1916 साली व्हिक्टोरिया यांनी पर्थ शहरातील एका मोटार गॅरेजमध्ये उमेदवारी सुरू केली. गढीत वाढलेली ही तरुणी आता तेलकट कपडे घालून मोटारींखाली शिरू लागली. दिवसभर हातकाम आणि आठवड्यातून काही संध्याकाळी डंडी येथील तांत्रिक महाविद्यालयात गणित व अभियांत्रिकीचा अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. कुलीनतेचा कोणताही आधार त्यांनी या कामात घेतला नाही. इतर उमेदवारांना जे नियम, तेच त्यांनाही होते.

1918 मध्ये त्यांना डंडी येथील कॅलेडॉन जहाजबांधणी कंपनीत प्रवेश मिळाला. तेथे हजारो पुरुष कामगारांमध्ये वावरून त्यांनी आपली उमेदवारी पूर्ण केली. जहाजाचे इंजिन हे काही एका दिवसात समजणारे प्रकरण नव्हे. बॉयलरमध्ये तयार झालेली वाफ प्रथम लहान सिलिंडरमध्ये, तेथून मधल्या आणि मग सर्वांत मोठ्या सिलिंडरमध्ये जाते. प्रत्येक टप्प्यावर तिचा दाब कमी होत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर ती दट्ट्याला ढकलून काम देते. शेवटी ती थंड होऊन पाणी बनते आणि तेच पाणी पुन्हा बॉयलरमध्ये जाते. एका थेंबाचाही अपव्यय होऊ नये अशी ही काटकसरीची रचना असते. तिचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक झडप हाताळून ओळखावी लागते. व्हिक्टोरिया यांनी हे सर्व पुस्तकातून आणि त्याचबरोबर हातांनी आत्मसात केले.

या काळातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. युद्ध संपताच परिस्थिती पालटली. युद्धकाळात कारखाने चालविणाऱ्या स्त्रियांना, परत आलेल्या सैनिकांसाठी जागा रिकामी करावी लागली. 1919 साली ब्रिटनमध्ये तसा कायदाच झाला. त्याच वर्षी काही धैर्यशील स्त्रियांनी महिला अभियंत्यांची स्वतंत्र संस्था स्थापन केली, ती या परिस्थितीला दिलेले उत्तर होते. मरीन इंजिनिअरांच्या ब्रिटिश संस्थेने व्हिक्टोरिया यांना सभासदत्व दिले. अशा त्या पहिल्या महिला सभासद होत्या. परंतु लवकरच जहाजबांधणीच्या धंद्यात मंदी आली आणि 1922 मध्ये त्यांची नोकरी गेली.

इंजिनखोलीतील पहिली पावले

नोकरी गेली, पण त्यातूनच समुद्राचा दरवाजा उघडला. 1922 मध्येच लिव्हरपूलच्या ब्लू फनेल या नामांकित कंपनीने त्यांना आपल्या अँकायसिस या आगबोटीवर दहावी इंजिनिअर म्हणून घेतले. दहावी म्हणजे सर्वांत कनिष्ठ. या जहाजावरून त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या चार सफरी आणि चीनची एक सफर केली.

आगबोटीची इंजिनखोली म्हणजे काय याची कल्पना घाटावरच्या माणसाला येणे कठीण आहे. उंच, अरुंद लोखंडी शिड्यांनी अनेक मजले खाली उतरावे लागते. उष्ण कटिबंधात तेथील तापमान 40 अंश सेल्सियसच्याही वर जाते. इंजिनांचा आवाज एवढा असतो की शेजारच्या माणसाशी खुणेने बोलावे लागते. समुद्र खवळला की सारी जमीन तिरपी होते, आणि अशा वेळी फिरत्या दांड्यांच्या मध्ये हात घालून सांधे तापले आहेत की काय हे पाहावे लागते. चार तासांची पाळी, आठ तासांची विश्रांती आणि पुन्हा चार तासांची पाळी, असा क्रम महिनोन् महिने चालतो. हे सारे त्यांनी केले आणि कोठेही सवलत मागितली नाही. जहाजावर त्यांच्याविषयी शंका घेणारे होते, तसे त्यांना मनापासून शिकविणारेही होते. अनुभवी सहकाऱ्यांचे हे ऋण त्यांना पुढे फार उपयोगी पडले.

1924 मध्ये ती नोकरी सोडून त्या परीक्षेच्या तयारीला लागल्या. व्यापारी जहाजावर बढती केवळ नोकरीच्या वर्षांवर मिळत नाही. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. 1926 साली त्या सेकंड इंजिनिअरची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. हे प्रमाणपत्र मिळविणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश स्त्री होत.

1927 मध्ये त्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मुलबेरा या जहाजावर पाचवी इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. ही कंपनी आपल्याकडील जुन्या पिढीला चांगली माहीत होती. मुंबई, कोलकाता, रंगून, मोम्बासा अशा बंदरांतून तिच्या बोटींची सतत ये-जा असे. आफ्रिकेत पेढ्या उघडणारे कितीतरी गुजराती आणि कच्छी व्यापारी याच कंपनीच्या बोटींनी गेले होते. मुलबेरा हे जहाज लंडनहून पूर्व आफ्रिकेच्या मार्गावर जात असे. ब्रिटिश जहाजांवर त्या काळी हजारो भारतीय खलाशी काम करीत. त्यांत कोकणातील, गोव्यातील, गुजरातेतील आणि सिल्हेटकडील माणसे होती. तळातील आगीसमोर उभे राहून ज्यांनी ही जहाजे चालविली, त्यांची नावे इतिहासाने नोंदविली नाहीत. व्हिक्टोरिया यांचे चरित्र वाचताना त्या आपल्या अनाम बांधवांचेही स्मरण व्हावे, हे उचितच होय.

बंद दरवाजे

आता पुढची पायरी होती चीफ इंजिनिअरच्या परीक्षेची. येथून व्हिक्टोरिया यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण पर्व सुरू झाले. त्यांनी परीक्षा दिली आणि त्या अनुत्तीर्ण झाल्या. पुन्हा दिली, पुन्हा तोच निकाल. असे एकदा नव्हे, दहादा नव्हे, तर 30 पेक्षा अधिक वेळा झाले. जी व्यक्ती सेकंड इंजिनिअरची परीक्षा उत्तीर्ण होते आणि महासागरावर प्रत्यक्ष इंजिने चालविते, तिला पुढची परीक्षा इतक्या वेळा देऊनही यश येऊ नये, याचे कारण केवळ अभ्यासातील उणीव असू शकत नव्हते. उत्तरपत्रिकेवरील नाव स्त्रीचे होते, हेच ते कारण अशी त्यांची खात्री झाली होती. पुढील घटनेने ती खरी ठरविली.

पनामा देशाच्या वतीनेही हीच पातळी असलेली परीक्षा घेतली जात असे. तेथे परीक्षार्थी स्त्री आहे की पुरुष हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कळत नव्हते. व्हिक्टोरिया यांनी ती परीक्षा दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. ज्ञान तेच, हात तेच, अनुभव तोच. बदलला तो फक्त मोजणाऱ्याचा गज. एकच कापड दोन गजांनी मोजले तर दोष कापडाचा नसतो, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. परंतु हा साधा न्याय त्या काळच्या परीक्षकांना सुचला नाही, किंवा सुचूनही त्यांनी तो मानला नाही.

मधल्या काळात जगभर मंदी पसरली होती. बंदरांत जहाजे रिकामी उभी होती आणि अनुभवी पुरुष इंजिनिअरही घरी बसले होते. स्त्रीला कोण घेणार? तिसऱ्या दशकाच्या अखेरीपासून दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत व्हिक्टोरिया यांना समुद्रापासून दूर राहावे लागले. लंडनमध्ये बहिणींच्या सोबतीने त्यांनी ते दिवस काढले. विवाह करून, गढीत परतून सुखाने राहण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. तो त्यांनी स्वीकारला नाही. परीक्षेचा अर्ज भरणे, अभ्यास करणे, नापास होणे आणि पुन्हा अर्ज भरणे हे त्यांनी एखाद्या व्रतासारखे चालू ठेवले. रणांगणातील शौर्य क्षणाचे असते. असे वर्षानुवर्षांचे शौर्य दिसत नाही, म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

बोनिता जहाजावरील पस्तीस मिनिटे

1939 मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. व्यापारी जहाजांवर अनुभवी इंजिनिअरांची निकड होती, तरी ब्रिटिश कंपन्या व्हिक्टोरिया यांना घ्यायला तयार नव्हत्या. लंडनच्या लॅम्बेथ भागात हवाई हल्ल्यापासून नागरिकांच्या संरक्षणाचे काम त्या करू लागल्या. अखेर 1940 मध्ये त्यांना पॅलेस्टाइनमध्ये नोंदलेल्या हार झिऑन या जहाजावर सेकंड इंजिनिअरची जागा मिळाली. ते जहाज सोडून त्या पनामाचा ध्वज असलेल्या बोनिता या मालवाहू जहाजावर त्याच पदावर गेल्या.

25 ऑगस्ट 1940 चा दिवस. बोनिता इंग्लंडहून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या नॉरफोक बंदराकडे निघाले होते. किनाऱ्यापासून सुमारे 400 मैलांवर, अटलांटिक महासागरात जर्मन विमानाने त्याच्यावर हल्ला चढविला. धोक्याची सूचना मिळताच व्हिक्टोरिया इंजिनखोलीत उतरल्या आणि त्यांनी तेथील सूत्रे हाती घेतली. पहिल्याच स्फोटाच्या धक्क्याने त्या यंत्राच्या दांड्यांवर आपटल्या. सावरून उठल्या आणि त्यांनी प्रथम काय केले, तर वाफेचा दाब वाढविण्यासाठी आवश्यक ती कामे हाताखालच्या माणसांकडून करवून घेऊन त्या सर्वांना वर जाण्याची आज्ञा दिली. इंजिनखोलीत बॉम्ब पडला किंवा जहाजाला तळाशी भोक पडले, तर तेथून जिवंत बाहेर येण्याची आशा फारशी नसते. हे त्यांना पूर्णपणे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी इतरांना वर पाठविले आणि स्वतः एकट्या खाली थांबल्या.

पुढे सुमारे 35 मिनिटे हा हल्ला चालला. प्रत्येक स्फोटाबरोबर सारे जहाज हादरत होते. नळ्यांचे सांधे सुटत होते, वाफ आणि पाणी बाहेर येत होते. समुद्राचे पाणी आत घेणारा त्यांच्या डोक्यावरचा मोठा नळही निखळू लागला होता. त्याकडे लक्ष ठेवीत, एका हाताने वाफेची मुख्य झडप धरून त्या उभ्या राहिल्या. शिडीच्या टोकावरून डोकावलेल्या सहकाऱ्याला त्यांचा तेलाने माखलेला चेहरा आणि यंत्रावर घट्ट रोवलेला हात दिसला.

बोनिता हे जुने जहाज 9 नॉटच्या वर सहसा जात नसे, म्हणजे ताशी सुमारे साडेसोळा किलोमीटर. त्या दिवशी व्हिक्टोरिया यांनी त्याच इंजिनाकडून साडेबारा नॉटचा वेग काढला, म्हणजे ताशी सुमारे 23 किलोमीटर. आजच्या वेगाच्या युगात हा फरक किरकोळ वाटेल. पण आकाशातून बॉम्ब सुटला की तो खाली पोहोचेपर्यंत काही क्षण मिळतात, आणि त्या क्षणांत जहाज आपली दिशा बदलू शकले तरच वाचते. संथ जहाज सुकाणूला उशिरा दाद देते. वेगातील जहाज चटकन वळते. वर कप्तान नेमक्या वेळी सुकाणू फिरवीत होता आणि खाली व्हिक्टोरिया त्याला हवा तो वेग पुरवीत होत्या. दोघांनाही एकमेकांचे तोंड दिसत नव्हते. एकाचा दुसऱ्यावरील विश्वास हाच त्या जहाजाचा खरा बचाव ठरला. अखेर विमान निघून गेले आणि बोनिता तरले. जहाजाची मोडतोड झाली होती, तरी ते पुढे जाऊन नॉरफोकला पोहोचले.

नियतीचा खेळ असा की, याच घटनेनंतर अवघ्या सहा दिवसांनी, 31 ऑगस्ट 1940 रोजी, त्यांचे आधीचे जहाज हार झिऑन जर्मन पाणबुडीच्या माऱ्याने बुडाले. त्यावरील 37 जणांपैकी केवळ एक जण वाचला. व्यापारी जहाजांवरील लोकांचे जीवन त्या काळी असे केसाएवढ्या अंतरावर लोंबकळत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवरील 30 हजारांहून अधिक माणसे कामी आली. त्यांच्या हाती शस्त्रे नव्हती, असली तर नावापुरती. लोकांच्या पोटाला अन्न आणि घरात प्रकाश मिळावा म्हणून ते मरणाच्या दारातून ये-जा करीत होते.

सन्मान आणि त्याचा सदुपयोग

बोनितावरील सहकाऱ्यांनी सांगितलेली हकीकत सर्वत्र पसरली. 1941 साली ब्रिटिश सरकारने व्हिक्टोरिया यांना ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायरचा सन्मान दिला. त्याच वर्षी लॉइड्स या जगप्रसिद्ध विमा संस्थेचे समुद्रावरील शौर्यासाठीचे युद्धपदक त्यांना मिळाले. हे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

परंतु या सन्मानांपेक्षाही एक गोष्ट मनाला अधिक भिडते. नॉरफोकच्या नागरिकांना ही शौर्यकथा कळली तेव्हा त्यांनी उत्स्फूर्तपणे सुमारे 400 पौंडांचा निधी जमविला. या पैशांतून लॅम्बेथमध्ये हवाई हल्ल्यांत घरदार गमावलेल्या लोकांसाठी एक भोजनालय सुरू करण्यात आले आणि त्याला व्हिक्टोरिया ड्रमंड यांचे नाव देण्यात आले. एका व्यक्तीच्या पराक्रमाचे रूपांतर भुकेल्यांच्या अन्नात झाले. गौरवाचा याहून मोठा सदुपयोग कोणता असू शकेल? पुतळे उभे राहतात आणि काळाच्या ओघात विसरले जातात. अन्नदानाचे पुण्य मात्र ज्याच्या मुखी घास पडला त्याच्या आठवणीत राहते.

एवढे होऊनही सारे दरवाजे उघडले असे मात्र झाले नाही. पदक छातीवर होते, पण पुढची नोकरी मिळविण्यासाठी त्यांना पुन्हा कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागले. कौतुक करणे सोपे असते, संधी देणे कठीण असते. समाजाचा हा स्वभाव तेव्हाही तसाच होता. तरीही जे काम मिळेल ते स्वीकारून त्या युद्धाच्या धोक्यातही समुद्रावर जात राहिल्या.

अखेरच्या सफरी

युद्ध संपल्यानंतर बहुतेक लोक स्थिर जीवनाकडे वळले. व्हिक्टोरिया पन्नाशी ओलांडत होत्या, तरी त्यांची ओढ समुद्राकडेच होती. नव्या आणि सुसज्ज जहाजांवर त्यांना क्वचितच जागा मिळाली. बरीचशी जहाजे जुनी, दुरुस्तीला आलेली आणि परदेशी ध्वजाखालील होती. अशा जहाजांवर इंजिनिअरची खरी कसोटी लागते. सुटा भाग वेळेवर मिळत नाही, बॉयलर कुरकुरतो आणि किनारा शेकडो मैल दूर असतो. जे हाताशी आहे त्यातूनच मार्ग काढावा लागतो. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांना चीफ इंजिनिअर म्हणूनही काम करण्याची संधी लाभली. ज्या पदासाठी त्यांनी अर्धे आयुष्य परीक्षा दिल्या, ते पद केस पिकल्यावर हाती आले. कटुतेने काम सोडून देणे त्यांनी पसंत केले नाही, म्हणूनच तो दिवस त्यांना पाहता आला.

1962 साली, वयाच्या 67 व्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. 40 वर्षांत त्यांनी 49 सागरी सफरी केल्या होत्या. 25 डिसेंबर 1978 रोजी, नाताळच्या दिवशी, वयाच्या 84 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जगभरची बंदरे पाहिलेला हा देह अखेर मेगिंचच्या मातीतच, आप्तस्वकीयांच्या शेजारी विसावला. 1994 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांची भाची चेरी ड्रमंड यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि एका विस्मृत जीवनावर पुन्हा प्रकाश पडला.

मागे राहिलेला ठेवा

व्हिक्टोरिया ड्रमंड यांनी उघडलेल्या वाटेवरून पुढे किती जणी गेल्या? भारतात सोनाली बॅनर्जी या 1999 साली देशातील पहिल्या महिला मरीन इंजिनिअर झाल्या. म्हणजे अँकायसिसवर व्हिक्टोरिया यांनी पाऊल ठेवले, त्यानंतर तब्बल 77 वर्षांनी. 2021 च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जगातील व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे 24 हजार होती आणि एकूण दर्यावर्दींमध्ये त्यांचे प्रमाण जेमतेम सव्वा टक्का होते. 2022 पासून दरवर्षी 18 मे हा दिवस सागरी क्षेत्रातील महिलांचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जाऊ लागला. वाट उघडली आहे, पण ती अजून अरुंदच आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

या चरित्रापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट म्हणजे जन्माने मिळालेले मोठेपण आणि कर्माने मिळविलेले मोठेपण यांतील भेद. राणीच्या धर्मकन्येला जग कदाचित केव्हाच विसरले असते. जग स्मरण करते ते बोनिताच्या तळाशी एकट्या उभ्या राहिलेल्या इंजिनिअरचे. दुसरी गोष्ट अपयशाकडे पाहण्याच्या दृष्टीची. 30 वेळा नापास होणारा विद्यार्थी आपल्या घरात असता तर आपण त्याला काय म्हटले असते, याचा प्रत्येक पालकाने विचार करावा. एका परीक्षेच्या निकालाने खचून जाणाऱ्या मुलामुलींना ही कथा अवश्य सांगावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अधिकार आणि जबाबदारी यांचा संबंध. संकटाच्या क्षणी त्यांनी आपल्या अधिकाराचा उपयोग हाताखालच्या माणसांना सुरक्षित स्थळी पाठविण्यासाठी केला आणि धोका स्वतःसाठी राखून ठेवला. पेढी असो, संस्था असो वा कुटुंब असो, जो प्रमुख असे वागतो त्याच्या शब्दाला वजन प्राप्त होते.

आपल्या लेकीसुना आज डॉक्टर, सनदी लेखापाल, अभियंता होत आहेत, व्यवसायाची धुरा वाहत आहेत. त्यांच्यापैकी एखादीने उद्या चारचौघींपेक्षा वेगळी वाट निवडली, तर मेगिंचच्या त्या वडिलांप्रमाणे आपणही तिला होकार द्यावा आणि तिचे काम मोजताना आपल्या हातातील गज खरा आहे ना, एवढे पाहावे. व्हिक्टोरिया ड्रमंड यांच्या स्मृतीला तीच खरी आदरांजली ठरेल. अथांग सागराला आणि त्याहून अथांग अशा मानवी पूर्वग्रहाला न डगमगता सामोऱ्या गेलेल्या या धैर्यमूर्तीस विनम्र अभिवादन!